करवंदीचा काटा

माझी बहीण मथुरा नांदायला गेली त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे तीस साली, आमचा थोरला भाऊ भागोजी बोटीवरची नोकरी सोडून घरी आला. त्याला क्षय झाला होता. डॉक्टरांनी वेगळं ठेवायला सांगितलं, म्हणून घरामागच्या आंब्याच्या बागेत राखणदाराचा मांगर, म्हणजे झोपडी, होता, तिथे त्याची खाट टाकली. त्याची बायको, येसूवहिनी, मांगराच्या अंगणाच्या कडेला दगडावर जेवण ठेवून मागे सरायची. त्या दगडापुढे जायचं नाही, असं ठरलं होतं.

"सकाळ-संध्याकाळ थोडं चालायचं," असंही डॉक्टर म्हणाले होते. भागोजी भिंतीकडे तोंड करून पडून राही. हाक मारली तरी ओ देत नसे.

दिवाळीनंतर त्याचा बोटीवरचा सोबती, पूर्णगडचा गुलाम रसूल, डोक्यावर फोनो घेऊन आला. पेटी त्याने मांगरात नेलीच नाही. अंगणापलीकडे फणसाखाली ठेवली, चावी दिली, तबकडी लावली. गाणं संपलं तशी तबकडीवर टेकवायच्या सुयांची डबी खिशात टाकली.

"सुया खंय नेतोस रं?" आतून भागोजी ओरडला.

"कुंपणाला करवंद हाय. तिचा काटा लाव. एका गाण्याला एक काटा."

"मी मरायला टेकलोय, नि मला काटं तोडायला लावतोस?"

"मग मर गप. खाटेवर पडून गाणी ऐकायला तू काय नवाब लागून गेलास?"

वहिनीने हसू पदराआड दाबलं.

काही दिवस पेटी मुकीच होती. मग एका सकाळी बागेतून गाणं आलं. वहिनी हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. पुढे रोज गाणं यायचं. पावसाळ्यात पेटी मांगराच्या पडवीत गेली, पण काट्यासाठी त्याला डोक्यावर इरलं घेऊन कुंपणापर्यंत जावंच लागे. तो वहिनीशी लांबून बोलायला लागला, कालवणाला नावं ठेवायला लागला.

"आज मीठ इसरलीस?"

"गाणं थांबवा, मग आठवंल!"

दोन वर्षं अशी गेली. एका सकाळी गाणं संपलं आणि तबकडी नुसती खरखरत राहिली. तबकडी झिजेल म्हणून भागोजी काटा लगेच उचलायचा.

"उचलतील आता," वहिनी म्हणाली.

खरखर मंदावली, मग थांबली. वहिनी दगड ओलांडून गेली. तो फणसाला टेकून बसला होता. मुठीत पुढच्या गाण्याचा काटा होता.

भागोजी एकोणीसशे बत्तीसच्या मार्गशीर्षात गेला.