दुसऱ्यांची गाडी

खरं तर तिघं जाणार होते. नवरा, बायको आणि नवऱ्याची थोरली बहीण. बहीण एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती, नुकतीच निवृत्त झाली होती. परदेशात जाऊन भाड्याची गाडी घ्यायची, आपणच चालवायची, वाटेल तिथे थांबायचं, हा बेत भावाचा. आणि निघायला पंधरवडा राहिला असताना तोच पडदे लावायला स्टुलावर चढला आणि खाली आला तो टाचेचं हाड मोडून.

"तुम्ही दोघी जा," प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून तो म्हणाला. "गाडी काय, हीसुद्धा चालवते."

ते 'हीसुद्धा' बायकोला लागलं. तिचं औषधांचं दुकान होतं आणि भर बाजारातून ती रोज स्वतःची गाडी नेत-आणत होती. पण तिच्या मनात दुसरीच धास्ती होती. नणंदेबरोबर आठवडाभर एका गाडीत, आणि मध्ये नवरा नाही.

नणंद वाईट नव्हती. पण जन्मभर वॉर्ड सांभाळल्यामुळे समोर दिसेल त्याला सूचना द्यायची तिला सवय लागली होती. गाडी ताब्यात घेतानाच त्याची झलक मिळाली. काउंटरवरच्या मुलीने चावी म्हणून एक काळी डबी भावजयीच्या हातात ठेवली. ही कुठे घालायची नाही, पर्समध्ये असली तरी पुरे, बटण दाबलं की गाडी सुरू, असं तिने समजावलं. तोवर नणंद गाडीभोवती राउंड घेत होती. वाकून वाकून तिने प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला.

"अ‍ॅडमिट करतानाच सगळं बघून घेतलेलं बरं," ती म्हणाली. "मागून नातेवाईक भांडायला येतात."

गाडी पांढरी, नवी कोरी होती. तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालत, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. भावजय पहिल्या दिवशी दर वेळी सवयीने उजवं दार उघडून बसे, समोर स्टिअरिंग नाही म्हटल्यावर ओशाळून उतरे आणि फेरी मारून पलीकडे जाई. वळायचा दिवा लावायला जावं तर काच पुसायचे वायपर खडखडत. त्यात शेजारून सूचना चालूच.

"उजवीकडे राहा. अगं, उजवीकडे! ब्रेक. समोर सायकलवाला आहे."

"दिसतोय मला, ताई."

"दिसतोय तर मग हळू कर."

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत भावजय आंघोळीच्या निमित्ताने बराच वेळ नळ सोडून नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या डोंगरात गेल्या. वर गाड्या लावायला मोठं पटांगण होतं आणि तिथून पायऱ्या चढून गेलं की खालचं सरोवर दिसतं, असं हॉटेलवाल्याने सांगितलं होतं. नणंदेचे गुडघे जवळजवळ अर्ध्यातच बोलायला लागले.

"तू जा वर. मी गाडीत जाऊन बसते."

भावजयीला मनातून बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली. "नको, एकट्या कशाला बसता, मीही येते," असं ती म्हणेपर्यंत पाऊस आला. साधासुधा नव्हे, तिरपा, गार, झोडपणारा. दोघी एका ओढणीखाली डोकी घालून, एकमेकींना धरून खाली आल्या. पटांगणात गाड्यांची रांग होती. कडेच्या पांढऱ्या गाडीचं दार नणंदेने ओढलं, ते उघडलं, आणि दोघी आत घुसल्या.

आत छान ऊब होती. गाडी चालूच होती.

"बंद करायची विसरलीस ना?" नणंद चष्मा पुसत म्हणाली. "आणि दार उघडं!"

"विसरले असेन."

सीट मागे गेल्यासारखी वाटली, आरसा वाकडा दिसला. पण या गाडीतलं काहीच भावजयीच्या सवयीचं नव्हतं, तेव्हा त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली इतकंच. तिने सीट पुढे ओढली आणि गाडी रस्त्याला लावली. उतार नागमोडी होता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला कठडा. काही वळणं गेल्यावर तिला घोरण्याचा आवाज आला.

"झोपलात का, ताई?"

"मी कशाला झोपते? तुझ्याकडे लक्ष नको का ठेवायला?"

आवाज पुन्हा आला. नणंदेने मान वळवली. मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन, अंगावर तपकिरी कोट ओढून एक म्हातारी गाढ झोपली होती. तिच्या हाताशी तसलीच काळी डबी पडली होती.

"गाडी थांबव," नणंद हळू आवाजात म्हणाली. "ही आपली गाडी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण कुणाची तरी आई पळवून आणली आहे."

थांबायला जागाच नव्हती. मागे एक ट्रक लागला होता. पोलीस, तुरुंग, वर्तमानपत्रातला फोटो, सगळं एकदम भावजयीच्या डोळ्यांपुढून गेलं. कठड्याशी रस्ता जरा रुंद झाला तशी तिने गाडी कडेला घेतली, ट्रक भोंगा वाजवत गेला, आणि त्या आवाजाने म्हातारी जागी झाली.

तिने या दोघींकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग पुन्हा या दोघींकडे.

नणंद तोवर पावसात उतरून मागच्या सीटवर जाऊन बसली होती. तिने म्हातारीचा हात हातात घेतला आणि वॉर्डातल्या आवाजात, चक्क मराठीत सुरुवात केली, "घाबरू नका हं, आजी. आमची चूक झाली. लगेच परत सोडतो." दुसरा हात सवयीने नाडीवर गेलाच होता. म्हातारी आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. त्यात किंचाळणं नव्हतं, एवढं नक्की.

"नाडी ठीक आहे," नणंद म्हणाली. "तू गाडी वळव. मी हिच्याकडे बघते."

"इथे? ताई, मागून कुणी आलं तर? तुम्ही जरा बघा ना बाहेर."

"माझ्यापेक्षा तुला चांगलं कळतं त्यातलं. वळव तू."

भावजयीने श्वास घेतला. दोन्हीकडे पाहिलं, वायपर न चालवता बरोबर दिवा लावला, पुढे, मागे, पुन्हा पुढे असं करत त्या अरुंद रस्त्यावर गाडी फिरवली. नणंदेने एकदाही समोर पाहिलं नाही. ती म्हातारीच्या गळ्याशी कोट नीट करत होती.

चढ लागला तसा कोटाच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून एका पुरुषाचा आरडाओरडा पुढे बसलेल्या भावजयीलाही ऐकू आला. म्हातारीने थोडं ऐकलं, दोन शब्द सुनावले आणि फोन नणंदेकडे दिला.

नणंद इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या आई सुखरूप आहेत. आम्ही पर्यटक आहोत. आमची गाडीही अशीच पांढरी आहे. परत येतोय. ओरडू नका, त्यांना त्रास होतो."

तिने फोन ठेवला. म्हातारीचं लक्ष नणंदेच्या पिशवीतल्या सफरचंदाकडे होतं. नणंदेने ते पुसून दिलं आणि ती कडाकडा खायला लागली. सगळे दात स्वतःचे असावेत.

पटांगणात म्हातारीचा मुलगा भिजत उभा होता. शेजारी त्याची बायको आणि छत्री धरलेला रखवालदार. गाडी थांबायच्या आत त्याने दार ओढलं. भावजय उतरली आणि माफी मागायला लागली, पण तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. पोलीस हा शब्द तिला त्याच्या भाषेतही कळला. तिने पर्समधून आपली काळी डबी काढून दाबली. रांगेत चार गाड्यांपलीकडे एका पांढऱ्या गाडीचे दिवे लुकलुकले. सुनेने त्या गाडीकडे पाहिलं, आपल्या गाडीकडे पाहिलं आणि ती खुदकन हसली. रखवालदारही हसू दाबत होता.

आता म्हातारी आतूनच मुलाला फैलावर घ्यायला लागली. बोट नाचवून, थांबून थांबून.

"काय म्हणतात?" नणंदेने सुनेला विचारलं.

सुनेला इंग्रजी येत होतं. "म्हणतात, तुम्ही दोन दिवस मला गाडीत बसवून वर जाता आणि फोटो आणून दाखवता. या बायकांनी निदान फिरवलं तरी."

मुलगा ओल्या केसांवरून हात फिरवत राहिला. पोलीस राहिले बाजूला. निघताना म्हातारीने नणंदेचा गाल थोपटला.

स्वतःच्या गाडीत बसल्यावर भावजयीला रडू फुटलं.

"दार मी उघडलं होतं," नणंद म्हणाली. "तू कशाला रडतेस?"

"मागे बघायला नको होतं का मी?"

"मी तरी कुठे बघितलं? रड हवं तेवढं, मग निघू. घाई नाही."

काचेवरून पाणी ओघळत होतं. बऱ्याच वेळाने भावजय डोळे पुसून म्हणाली, "ताई, उद्या पायऱ्या नकोत. गाडी जाईल तिथूनच जे दिसेल ते बघू."

"सरोवर राहील की."

"राहू दे."

रात्री भावाचा फोन आला. भावजय काय सांगावं म्हणून अडखळली, तेव्हा नणंदेने फोन आपल्याकडे घेतला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न लपवता, दार कुणी उघडलं त्यासकट. पलीकडे आधी हसणं, मग पाय हलल्यामुळे कण्हणं.

"अगं, पण तिने एवढ्या घाटात गाडी वळवली कशी?" भाऊ म्हणाला. "मला नसतं जमलं."

"तुला नसतंच जमलं," नणंद म्हणाली. "आता फोन ठेव. आम्हाला जेवायला जायचंय."