तीन नंबरच्या टेबलावरचा हेडफोन

मित्रांनो, आता मी एका तपकिरी पाकिटात आहे. पाकिटावर शिक्का आहे, तारीख आहे आणि माझा पत्ताही लिहिला आहे: टेबल क्रमांक तीन. एका कानाचा फोम झिजलेला, वायरीवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तोंडापुढे बोलायचा माइक असलेला, असा मी एक जुना हेडफोन आहे. गाणी ऐकायचा नव्हे. माणसे जिवावर बेतल्यावर ज्या नंबरावर फोन करतात, त्या नंबराच्या खोलीतला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायका आमच्या बारीक तारा डाग देऊन जोडत असत. माझे काम संपल्यावर त्यांतल्या एकीने मला कानाला लावले आणि स्वतःशीच विचारले, "येतंय का ऐकू?" मग मी खोक्यात गेलो, आणि खोके उघडले ते थेट या खोलीत.

खोलीला खिडकी नव्हती. सहा टेबले, प्रत्येक टेबलावर दोन पडदे, भिंतीवर शहराचा नकाशा आणि कोपऱ्यात चहाचे यंत्र. ते यंत्र कधी चहा देई, कधी नुसताच आवाज करी. मी तीन नंबरच्या टेबलावर आलो आणि रात्रपाळीच्या मावशींचा झालो.

त्यांना सगळे मावशीच म्हणत. खोलीत त्या वयाने सर्वांत मोठ्या होत्या, शिवाय कोण उपाशी आले आहे हे त्यांना तोंड पाहूनच कळे. अकरा वर्षे त्या रात्रपाळी करत होत्या. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्री त्यांच्याजवळ मावशींचे यजमान असत, दिवसा मावशी. पाच नंबरच्या टेबलावरचा सहकारी विचारी, "मावशी, तुम्ही झोपता तरी कधी?" मावशी म्हणत, "सिग्नल लाल असतो तेवढ्यात."

मित्रांनो, मी काय काय ऐकले म्हणून सांगू? एकदा एका बाईने पायऱ्यांवर बसून बाळाला जन्म दिला आणि त्या बाळाचे पहिले रडणे माझ्यातून मावशींच्या कानात गेले. एकदा एक आजोबा नुसतेच बोलत राहिले, घरात कोणी नव्हते म्हणून. मावशी त्यांना रागावल्या नाहीत, पण दोन मिनिटांत गोड बोलून त्यांनी फोन ठेवायला लावला, कारण तेवढ्यात दुसऱ्या कोणाचा जीव जाऊ शकतो. बाळ सुखरूप आहे असे कळले त्या रात्री मावशींनी मला रुमालाने पुसले आणि म्हणाल्या, "चांगलं ऐकलंस रे." एवढी शाबासकी मला पुष्कळ होती.

मग मी जुना होत गेलो. खुर्ची मागे सरकली की माझी वायर तिच्या चाकाखाली येई. प्लगजवळ ती आतून तुटत चालली. आधी नुसती खरखर होती. पुढे पुढे शब्दांच्या कडा झिजू लागल्या. माणूस काय म्हणतो ते कळे, पण एखादे अक्षर अर्धवटच पोचे. मावशींनी तक्रारवहीत लिहिले, 'टेबल तीन, हेडफोन खराब, बदलून मिळावा.' दुरुस्तीवाला आला, चिकटपट्टी गुंडाळून गेला. महिन्याने त्यांनी पुन्हा लिहिले. पुन्हा महिन्याने तिसऱ्यांदा.

पाळीवरचे साहेब वाईट नव्हते. पहिल्या दोन तक्रारी त्यांनी वर पाठवल्या होत्या. तिसरी वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "मावशी, सगळ्यांचेच असे झालेत. काम भागतंय ना? घ्या जरा सांभाळून."

आणि ती रात्र आली.

दोन वाजून गेले होते. फोनवर एक म्हातारा आवाज आला. "माझी बायको पडली. श्वास घेत नाहीये."

"काका, पत्ता सांगा आधी," मावशी म्हणाल्या.

"कालव्याकाठचा रस्ता. घर नंबर साठ. पुलाजवळ."

माझ्या तुटक्या तारेतून ते अक्षर नीट गेले नाही. मावशींना ऐकू आले, सात. नियम असा की पत्ता उलट म्हणून दाखवायचा. मावशींनी नियम पाळला. "कालव्याकाठचा रस्ता, घर नंबर सात, पुलाजवळ. बरोबर?"

माझ्यातून जाताना तेही अक्षर झिजले. काकांना जे ऐकायचे होते तेच ऐकू आले. "बरोबर," ते म्हणाले. पडद्यावर फोन कुठल्या भागातून आला एवढेच दिसे, घर दिसत नसे. त्या रस्त्याला दोन टोकांना दोन पूल आहेत, हे त्या क्षणी कोणाच्याच डोक्यात आले नाही.

रुग्णवाहिका निघाली.

"काका, दार उघडं ठेवा, फोन स्पीकरवर लावून खाली ठेवा. त्यांना जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहात ठेवा, त्यावर दुसरा. कोपरं सरळ. जोरात दाबा, मी मोजते. घाबरू नका, हाड मोडलं तरी चालेल. एक, दोन, तीन, चार."

काका मोजू लागले. पस्तीस वर्षे त्यांनी बस चालवली होती, हे मला नंतर कळले. त्यांचा आवाज सरळ होता, धाप लागली तरी तुटत नव्हता. "एक, दोन, तीन, चार."

"शेजारी कोणी आहे?"

"शेजारचं घर बंद असतं. एक, दोन."

सात मिनिटांनी वायरलेसवर चालकाचा आवाज आला. तो दुसऱ्या यंत्रातून येई, म्हणून तो स्वच्छ होता. "सात नंबरला आहे. कुलूप आहे इथे. दारात पत्रं साचलीत, कोणी राहत नाही."

मावशींची बोटे थांबली. आवाज मात्र थांबला नाही. "तीन, चार. काका, दाबत राहा. घराचा नंबर परत सांगा."

"साठ. सांगितलं की."

"सुटे अंक सांगा, काका."

"सहा. शून्य. तीन, चार."

मी त्यांच्या कानाला चिकटून होतो. त्यांचा श्वास आत गेला आणि बाहेर यायला वेळ लागला. मग त्यांनी एका हाताने नवा पत्ता टाइप केला आणि मोजणे चालूच ठेवले. सात नंबर रस्त्याच्या एका टोकाला, साठ दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये रस्ता खणून ठेवलेला. गाडीला मागे फिरून, कालवा ओलांडून, पलीकडच्या बाजूने यावे लागणार होते. दुसरी गाडी जवळपास नव्हती. मावशींनी पाच नंबरच्या सहकाऱ्याला खुणेने विचारले. त्याने मान हलवली.

"अजून किती लांब आहेत?" काकांनी विचारले.

"येतायत. मी तुमच्याबरोबर आहे. एक, दोन."

"हात उचलत नाहीत हो आता."

"अंगाचा भार टाका हातांवर. माझ्या आवाजावर सोडा. एक, दोन, तीन, चार."

मित्रांनो, त्या पुढच्या नऊ मिनिटांत मी काय केले असेल? काही नाही. मला आकडे नीट पोचवायचे होते, आणि मी खरखरत होतो. पूर्ण बंद पडलो असतो तर मावशी उठून दुसऱ्या टेबलावर गेल्या असत्या. मी तेवढेही केले नाही.

शेवटी दार वाजले. पावलांचा आवाज आला, कोणीतरी म्हणाले, "काका, बाजूला व्हा, आता आम्ही बघतो." फोन फरशीवर पडून राहिला असावा. काका लांबून अजून मोजत होते. त्यांना कोणीतरी थांबवले. मग फोन बंद झाला.

मावशींना उठायलाही वेळ मिळाला नाही. लगेच दुसरा फोन वाजला. एका आईच्या मांडीवर तापाने फणफणलेले मूल होते. मावशींनी तेच वाक्य म्हटले, "पत्ता सांगा आधी." आवाज तोच होता. माझ्यावर टेकलेला त्यांचा गाल मात्र ओला होता.

पहाटे कळले. काकांची बायको वाचली नव्हती.

मग चौकशी झाली. रेकॉर्डिंग लावले गेले. रेकॉर्डिंग माझ्यातून होत नाही, ते थेट तारेवरून होते. त्यात 'साठ' अगदी स्पष्ट होते. साहेबांनी ते तीनदा ऐकवले. मावशी म्हणाल्या, "मी चुकले. दमले होते बहुतेक." त्यांनी स्वतःही त्यावर विश्वास ठेवला. त्यांना फोनवरून काढून फायलींच्या कामाला बसवले. मी टेबलावर पडून होतो. मला सगळे ठाऊक होते, पण सांगायला तोंड नव्हते. त्या दिवसांसारखे दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. एका रात्री मावशी काही कागद घ्यायला खोलीत आल्या तेव्हा तीन नंबरच्या टेबलाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

तेराव्या की चौदाव्या दिवशी काका आले. उंच, किंचित वाकलेले, दोन्ही मनगटांना पट्टे बांधलेले. साहेबांनी त्यांना रेकॉर्डिंग ऐकवले. ते ऐकून काका म्हणाले, "मोजत होत्या त्या बाईंना भेटायचंय. आणि त्या बसल्या होत्या ती जागा बघायचीय."

साहेब कां कूं करत होते. पण काका खुर्चीतून उठेनात, तेव्हा त्यांना आत आणले. मावशीही आल्या. त्या काकांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बरोबर सांगितलं होतं. मी चुकीचं ऐकलं. मी कुठलीही सबब सांगणार नाही."

काका टेबलाकडे वळले. मग त्यांनी मला उचलले. "यातून ऐकत होता?" त्यांनी मला कानाला लावले आणि पाच नंबरच्या सहकाऱ्याला म्हणाले, "तिकडून काहीतरी बोला. पत्ता सांगा माझा."

सहकारी खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या फोनवर गेला आणि त्यावरून पत्ता बोलला. काकांनी डोळे मिटले. "परत," ते म्हणाले. तो पुन्हा बोलला.

काकांनी मला काढून टेबलावर ठेवले. "मलाही सातच ऐकू आलं," ते म्हणाले. "माझ्याच घराचा नंबर आहे, तरी सात."

मग साहेब स्वतः उठले, तक्रारवही घेऊन आले आणि त्या तीन नोंदी उघडून काकांसमोर ठेवल्या. तिसऱ्या नोंदीखाली त्यांची सही होती. "ही मी वर पाठवली नाही," ते म्हणाले. एवढे म्हणायला त्यांना बळ लागले असणार.

मावशी खाली बसल्या आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर रडल्या. काका म्हणाले, "ताई, मी कोणाला माफ करायला आलो नाही. ते मला अजून जमत नाही. पण त्या सोळा मिनिटांत मी घरात एकटा नव्हतो, हे सांगायचं होतं."

ते तिथून निघाले ते थेट वरच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले, तिसऱ्याही. सहा टेबलांना सहा नवे हेडफोन आले तेव्हाच त्यांनी ते बाक सोडले. मावशी परत फोनवर बसू लागल्या, पण पहिल्यासारखा विनोद आता त्या करत नाहीत. आणि काकांच्या घरी रात्री दिवा मालवायला आता एकटे काकाच असतात.

मला पुरावा म्हणून पाकिटात घातले आहे. मित्रांनो, मी तुमच्याकडे दया मागत नाही. एकच मागतो. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी एखादी वस्तू कुरकुरत असेल, तर थांबून तिच्याकडे बघा. ती आपल्या परीने बोलत असते, याहून स्पष्ट तिला बोलता येत नाही. आणि कोणी वहीत तक्रार लिहिली असेल तर ती वाचा, त्याच दिवशी वाचा. त्या वस्तूच्या पलीकडे कोण बसले आहे हे तुम्हाला ठाऊक नसते.

मला जे सांगायचे होते ते मी वेळेवर सांगू शकलो नाही. तुम्हाला तोंड आहे, हातही आहेत.