कार्डाची मागची बाजू

चहा नेमका धाकट्या जावेच्या कार्डावर सांडला. सांडला की सांडवला, हे थोरलीचं थोरलीलाच ठाऊक. डागाळलेलं कार्ड ज्येष्ठाने नव्याने लिहायचं आणि खाली आपली सही करायची, असा त्या शब्दकोशाच्या कचेरीचा रिवाज होता. आणि ज्येष्ठ तीच.

हिला इथे चिकटवली कुणी? मीच! थोरलीचा नुसता जळफळाट होत होता. चोवीस वर्षं तिने कार्डं लिहून बोटं झिजवली, आणि ही कालची आलेली सहसंपादक व्हायला निघाली होती. मुख्य संपादक सर आजची कार्डं बघून काय ते ठरवणार होते.

शब्द होता 'ओव्हरग्रोन'. धाकटीने अर्थ दिला होता: 'झाडोऱ्याने गिळलेला, बहुधा झाडापेक्षा जागेला लावतात.' खाली उदाहरण: 'आईच्या अंगणात गवत असं माजलं होतं, की पायरी पायाला लागली तेव्हा कळलं, घर आलं.'

थोरलीने उदाहरण तेवढं स्वतःचं घालायचं ठरवलं. 'बाग फार वाढली आहे.' खोडलं. 'रस्ता झाडीने भरला आहे.' शी! तेही खोडलं. हिला बरं असं सुचतं, मेलीला! शेवटी दातओठ खात तिने धाकटीचंच वाक्य उतरवलं, सही ठोकली आणि धाकटीचं ओलं कार्ड कचऱ्याच्या टोपलीत भिरकावलं.

दुपारी सरांनी नवं कार्ड सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

"अहो, इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंत हे? खुर्ची तुमचीच, बाई."

सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या धाकटीने. थोरलीला ते जास्तच झोंबलं.

"फक्त मागे स्रोत लिहायचा राहिलाय," सर म्हणाले. "वाक्य कुठे वाचलं, कुणाच्या तोंडून ऐकलं, तेवढं घाला की झालं."

स्रोत! सहीच्या घाईत धाकटीचं कार्ड उलटून बघायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. जागेवर येऊन तिने टोपलीत हात घातला. कार्ड अजून दमट होतं, पण मागची पेन्सिल पुसली नव्हती.

'थोरल्या जाऊबाई. त्यांची आई गेल्यावर माहेरचं घर उघडायला आम्ही दोघी गेलो, तेव्हा म्हणाल्या. मी नुसतं टिपून घेतलं.'

समोरच्या टेबलावर धाकटी पुढचं कार्ड लिहीत होती.

"सापडला का स्रोत, ताई?" तिने मान वर न करता विचारलं.

"सापडला," थोरली म्हणाली. पेनचं टोपण मात्र तिच्याच्याने निघेना.