एक ठोका आधी

याकोब चर्चमध्ये झांज वाजवायचा, आणि कायम एक ठोका आधी वाजवायचा. भजनाचा शेवटचा शब्द पाळकसाहेबांच्या तोंडात असतानाच याचं झण्ण! "अरे, प्रभूच्याही पुढं पळतोस का रे?" पाळकसाहेब करवादायचे. बाया पदराआड हसायच्या, आणि त्याची बायको रूथबाई लाजेनं अर्धी व्हायची.

त्याच याकोबावर चौऱ्याण्णव साली, ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी, शेवगावकडं शेतमालक गहिनीनाथांच्या नव्या विहिरीचं खोदकाम चालू असताना कड ढासळली. बाकीचे गडी वर आले होते. हा तेवढा कपारीत राहिलेली पहार आणायला मागं थांबलेला. धाडकन आवाज झाला आणि खाली नुसता मुरूम नि धोंडे.

रूथबाई अनवाणी धावत आली. मुकादम उत्तमराव डोक्याला हात लावून बसले होते.

"वैनी, हाका मारून घसा बसला. आतून शब्द न्हाई. दुसरी बाजूबी लोंबतीय, गडी उतरवले तर तेबी जायचे. सुप्याहून मशीन मागवलंय. उद्या बघू."

"उद्या? उद्या काय मढं काढायचं हाय?"

तेवढ्यात खालून ठक, ठक झालं. रूथबाईनं कान टवकारले.

"धोंडे बसत्यात, वैनी. मघापास्नं चाललंय," उत्तमराव म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते. माणूस काही वैरी नव्हता, दुसऱ्या गड्यांच्या लेकरांचा विचार करत होता.

रूथबाईनं वर पाहिलं आणि थेट भांडायलाच उभी राहिली. "प्रभू, तुझी कबर तिसऱ्या दिवशी उघडली. माझ्या मान्साला तेवढी सवड न्हाई. तू जिता हायेस ना? मग तोबी जिता हाय, एवढं मला दाव!"

आणि विहिरीच्या काठावर पालथी पडून तिनं तोंड आत घातलं नि खणखणीत आवाज लावला,

"अंधाराला सांगा कुनी, राजा माझा जिता हाय!"

"अगं बया!" शेजारची केशरबाई किंचाळली. "ह्ये उठल्या प्रभूचं गानं! उद्या पहाटंबिगर म्हनत न्हाईत!" खरंच होतं ते. उत्तम शुक्रवारपासून, म्हणजे गुड फ्रायडेपासून, ईस्टरच्या पहाटेपर्यंत आनंदाचं गाणं बंद, झांजसुद्धा फडक्यात बांधून ठेवलेली.

"उद्याची वाट कोन बघतंय!" रूथबाईनं पुन्हा ओळ धरली. "अंधाराला सांगा कुनी, राजा माझा जिता..."

ठक!

'हाय' अजून तिच्या तोंडातच होतं. तिनं परत ओळ म्हटली. 'जिता'वर येताच खालून ठक! परत म्हटली. परत ठक, एक ठोका आधी!

"धोंडा न्हाई त्यो!" रूथबाई हसत होती नि रडतही होती. "धोंड्याला इतकं चुकता येत न्हाई! याकोबच हाय! माझाच हाय!"

उत्तमराव ताडकन उठले. "दोर आना रं!" म्हणत त्यांनी तो स्वतःच्याच कमरेला बांधला. गहिनीनाथांनी गोठ्याच्या छपराचे वासे उपसून आणले, लोंबत्या बाजूला टेकू दिले. ज्यांना उतरता येत नव्हतं ते टोपल्या ओढत होते. रूथबाई गात राहिली, खालचा ठोका येत राहिला, आणि ठोका जरा लांबला की साऱ्यांचा जीव टांगणीला लागायचा.

दिवस मावळायच्या आत याकोब वर आला. पाय मोडलेला, घशात माती, हातात पहार तशीच. रूथबाईला बघून घोगऱ्या आवाजात म्हणतो कसा, "मला नावं ठिवतीस... आन् उद्याचं गानं आजच म्हनलीस व्हय?"

"मेल्या!" म्हणत तिनं पदरानं त्याच्या तोंडावरची माती पुसली.

ईस्टरच्या पहाटे त्याला बाजेवर घालून चर्चपुढं आणलं. दवाखान्यात पाय बांधून झाल्यावर 'मला चर्चला न्या' म्हणून तो हटूनच बसला होता. उत्तमराव आणि गहिनीनाथही आले, पुढच्याच सतरंजीवर बसले. रूथबाईनं फडकं सोडून झांज त्याच्या हातात दिली. पाळकसाहेबांनी ओळ उचलली आणि 'जिता'वर येताच याकोबानं हाणली, झण्ण!

कुणी करवादलं नाही. पाळकसाहेबांनी हसून 'हाय' गिळलं, आणि पुढच्या ओळीला सगळी मंडळी टाळ्या पिटत, त्याच्याबरोबर, एक ठोका आधीच चुकली.