काटा शून्यावर येईना

दुकान नुकतंच उघडलं होतं आणि आत ही गर्दी! पण अंगठीकडे कोण बघतंय? सगळ्यांचे डोळे सोनाराच्या काट्यावर खिळलेले. आणि काट्यावर सोनंबिनं काही चढणार नव्हतं हो, आज चढणार होती चिंगी. चिंगी म्हणजे बेडकी. झाडावर राहणाऱ्या जातीची, हिरवीगार, बोटांच्या टोकांना गोल गाद्या, काचेवर सरसर चढणारी आणि महाखादाड.

चिंगी सोनाराची नव्हती. ती त्याच्या मोठ्या मेहुणीची. बायको तिला ताई म्हणायची, म्हणून हाही ताईच म्हणायचा. ताई आता कायमची लेकीकडे राहायला निघाली होती, आणि लेकीकडे दोन मांजरं. तिथं चिंगीचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. सोनाराच्या घरी मात्र आधीच एक बेडूक होता, त्याच जातीचा, पैलवान नावाचा.

"भावोजी, हिला तुमच्या पैलवानाजवळ ठेवाल का?" ताईने विचारलं, तेव्हा सोनाराला आभाळ ठेंगणं झालं. एकाचे दोन बेडूक! बायकोने तिथल्या तिथे बजावलं, "काचेची पेटी एकच राहील. दुसरी पेटी या घरात आली, तर मी बाहेर."

मग प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अट घातली. चिंगीला काही दिवस वेगळं ठेवून तिला रोगबिग नाही ना हे बघायचं. आणि पैलवानाच्या निदान पाऊण वजनाची झाल्याशिवाय तिला त्याच्याजवळ सोडायचं नाही. "बेडकाला नातंगोतं कळत नाही," बाई म्हणाल्या. "तोंडात मावलं की ते जेवण."

झालं! बाईंच्याकडूनच एक उसनी पेटी आली आणि बाथरूममध्ये बसली. घरचे सगळे चिंगीच्या साक्षीने दात घासू लागले. तिच्यासाठी हात वेगळे धुवायचे, साबणाचा अंश राहू द्यायचा नाही, पाणी शिळं करून भरायचं. सोनार आपल्या कामाच्या चिमट्याने तिला रातकिडे भरवायचा. रातकिडे आणायचा शेजारचा न्हावी. दाढी करता करता तो गिऱ्हाइकांना चिंगीच्या प्रगतीची बातमी द्यायचा, आणि गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीने दुकानात डोकावून विचारायची, "काय शेठ, भरली का?"

रोगाची शंका फिटली. राहिलं वजन, आणि दिवस मात्र संपले. आज उसनी पेटी परत जायची होती, आज दुपारी ताईची गाडी होती. चिंगी पाऊण भरली तर सोनाराच्या घरी, नाही भरली तर बाजारातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात, नेईल त्याच्या घरी. ताई काउंटरला टेकून उभी होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

पैलवानाचं वजन आधी झालं. त्याचं पाऊण किती, हे न्हाव्याने खडूने पाटीवर मोठ्ठं लिहिलं. मग सोनाराने प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला, हात ओले केले आणि चिंगीला अलगद डब्यात सोडलं.

आकडा नाचला. खाली गेला, वर आला आणि थांबला. पाटीवरच्या आकड्याच्या वर!

"भरली!" न्हाव्याने अशी शिट्टी मारली की रस्त्यावरचे दोघे आत आले. इतके दिवस बेडकांना 'ध्यान' म्हणणाऱ्या बायकोने ताईचे हात धरून गिरकी घेतली. सोनाराचा आनंद तर पोटात मावेना. त्याने हसत हसत चिंगीला डब्यातून उचललं.

आणि काटा शून्यावर येईना.

डबा रिकामा, तरी काटा काहीतरी दाखवतच होता. सोनाराने वाकून पाहिलं. तळाशी पाणी. चिंगीबाई सकाळपासून पाण्याच्या वाटीत ठाण मांडून बसल्या होत्या आणि आता डब्यात मोकळ्या झाल्या होत्या.

सोनाराने आजूबाजूला नजर टाकली. कुणी पाहिलं नव्हतं. डबा पुसला की झालं. ताई सुखाने गाडीत बसेल, बायको खूश, चिंगी घरची. जन्मभर काट्याशी इमान राखलं, पण हे काय सोनं होतं? एका बेडकीचं चिमूटभर पाणी! मग त्याला पैलवानाचं ते रुंद तोंड दिसलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"थांबा," तो म्हणाला. "आनंद आवरा. हे वजन पाण्याचं आहे."

त्याने डबा पुसला, पुन्हा वजन केलं. आकडा पाटीच्या खाली राहिला.

"अहो शेठ, किंचित तर कमी आहे," न्हावी कळवळून म्हणाला. "चालवून घ्या की!"

"मी घेईन रे चालवून. पैलवान घेणार नाही."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. सोनाराला ताईकडे बघवेना. आणि ताई? ताई चक्क हसत होती.

"मी बघितलं होतं, भावोजी," ती म्हणाली. "हातात धरली की ही हेच करते. लहानपणापासूनची खोड आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलता का, ते बघत होते. गप्प बसला असतात, तर डबा उचलून बाजाराची वाट धरली असती. दुकानदाराने निदान हिला पैलवानापुढे तरी टाकलं नसतं."

मग बायकोने नाक पुसलं आणि ती सोनारावरच उखडली. "बघत काय उभे राहिलात? ही पेटी परत जायची आहे ना आज? जा, दुसरी घेऊन या! मोठी आणा. आणि बाथरूममध्ये नको हं, माझ्या खिडकीत ठेवा."

"अगं, पण तू तर बाहेर जाणार होतीस!"

"जाते की! पेटी पसंत करायला तुमच्याबरोबर कोण येणार मग?"

न्हाव्याने दुसरी शिट्टी मारली, पहिल्यापेक्षा मोठी. रस्त्यावरून आलेल्या दोघांना काही कळलं नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताईने चिंगीला शेवटचं डोळे भरून पाहिलं. मग डबा दोन्ही हातांनी सोनारापुढे धरला.

"वाढेल ती. वाढली की पुन्हा वजन करा आणि मग सोडा पैलवानाजवळ," ती म्हणाली. "मला आकडा नका कळवू. तुम्ही सोडलीत म्हटलं की मी समजेन, भरली."