पदकांच्या पानावरच्या ओळी

मी एक पुस्तिका बोलतेय. फौजेतले लोक मला डिस्चार्ज बुक म्हणतात. शिपाई नोकरी पुरी करून घरी निघाला की पलटण त्याच्या हातात जी मूठभर पानं शिवून देते, ती मी. त्याचं नाव, नंबर, उंची, अंगावरची खूण, भरती कधी झाला, सुटला कधी, वागणूक कशी होती, सगळं माझ्या पोटात. माझ्यावाचून ना पेन्शन, ना कँटीनचं कार्ड. म्हणून मला जरा तोरा आहे. चाळीस वर्षं सांभाळलाय, तुम्हीही घटकाभर सोसा.

माझा जन्म १९८४ सालच्या मार्चमध्ये एका रेकॉर्ड ऑफिसात झाला. मला लिहिणारा कारकून घाईत होता. त्याच्यापुढच्या एका मोठ्या तक्त्यावरून तो माझ्यात एकेक गोष्ट उतरवत होता. सातव्या पानावर पदकं लिहितात. तिथे त्यानं तीन ओळी लिहिल्या आणि पेन टेकवलं.

समोर हवालदार काशीनाथ प्रल्हाद आठल्ये उभे होते. मी त्यांचीच. काशीचे राहणारे, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. ते अदबीनं म्हणाले, "साहब, इकहत्तर की लड़ाई के दो तमगे और हैं मेरे. एक पूर्वी स्टार, एक जख्म का."

"तख्ते में नहीं चढ़े," कारकून म्हणाला. "जाँच चल रही है. घर पर रजिस्टर्ड चिट्ठी आएगी. मिलते ही ये किताब भेज देना, चढ़ा देंगे."

काशीनाथराव "जी" म्हणाले. हुकूम मिळाला की पुढे बोलायचं नाही, ही त्यांची सवय.

ती दोन पदकं राहिली कशी, ते मला परतीच्या गाडीत कळलं. शेजारी एक जुना फौजी बसला होता, त्याला ते सांगत होते. एकाहत्तरच्या लढाईत बंगालच्या एका नदीवर यांची तुकडी जवानांना नावेतून पलीकडे नेत होती. गंगेत पोहून वाढलेला माणूस, म्हणून वल्ह्यावर यांनाच बसवलं. चौथ्या खेपेला तोफगोळ्याचा तुकडा डाव्या मांडीत घुसला. तशाच पायानं नाव काठाला लावली आणि मग शुद्ध गेली. चार महिने हॉस्पिटलात काढले. तेवढ्यात पदकांच्या याद्या झाल्या. पलटणीला वाटलं यांचं नाव हॉस्पिटल देईल, हॉस्पिटलला वाटलं पलटण देईल. घरात दोन सुना असल्या की देवाचा दिवा कधी कधी लागायचा राहतो, त्यातली गत. पाय मात्र कायमचा लंगडा झाला.

घरी आल्यावर काशीनाथरावांनी मला पहिल्यांदा वडिलांच्या हातात दिलं. वडील म्हणजे प्रल्हादगुरुजी, दशाश्वमेध घाटावरचे तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी त्यांच्याकडे असत. मुलानं पौरोहित्य सोडून बंदूक धरली याचा त्यांना राग होता, आणि तो ते लपवतही नसत. पण मला हातात घेण्याआधी ते उठून हात धुऊन आले. मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं.

"यात बंगालचं कुठेय रे?"

"यायचंय, बाबा. चिठ्ठी येणार आहे."

त्या दिवसापासून गल्लीत पोस्टमन दिसला की गुरुजी त्याला हटकून विचारत, "हमारे हवलदार की रजिस्ट्री आई?" मुलासमोर कधी नाही, मुलाच्या माघारी. किती छान दिवस होते ते. माझी पानं कोरी करकरीत होती आणि माझ्या राहिलेल्या ओळींची वाट पाहणारं कुणीतरी होतं.

पुढच्या जानेवारीत गुरुजी दोन दिवसांच्या तापानं गेले. काशीनाथराव एकुलते, म्हणून क्रियेला तेच बसले. केस उतरवलेले, जमिनीवर चटई, कुणाला शिवायचं नाही. मी त्याच खोलीत फडताळातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. पाचव्या दिवशी ते क्रियेसाठी घाटावर गेले असताना दाराची कडी वाजली. पोस्टमनचा आवाज आला, "रजिस्ट्री है, दस्तखत चाहिए." आणि मग एका बाईचा दबका आवाज, "भैया, घर में सूतक है. तेरहवीं के बाद लाना."

सुतकात शुभकार्य नाही, देवपूजा नाही, हे काशीत शेंबडं पोरही जाणतं. त्या घरानं ते कागदालाही लावलं. पण पोस्टाला सूतक नसतं. सात दिवस ठेवून त्यांनी पाकीट परत पाठवलं.

चौदाव्या दिवशी काशीनाथराव चिठ्ठीची चौकशी करायला पोस्टात गेले आणि तासाभरात परतले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "रजिस्ट्री कुणी परत केली?" इतका चढा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता. घरात दोघीच होत्या, आई आनंदीबाई आणि बायको प्रभावती. मग आनंदीबाई म्हणाल्या, "मी केली. सुतकात सही कशी करायची? महत्त्वाचं होतं का रे?"

नवरा जाऊन चौदा दिवस झालेली ती बाई. काशीनाथरावांचा आवाज एकदम उतरला. "नाही आई. पेन्शनचा कागद होता. दुसरा येईल."

त्यांनी रेकॉर्ड ऑफिसला दोन पत्रं लिहिली. वर्षानं उत्तर आलं: रजिस्टर्ड पत्र 'लेने से इन्कार' असा शेरा पडून परत आलं आहे, नकार कुणी व का दिला ते लेखी कळवा, तोवर प्रकरण बंद. त्याचं उत्तर काशीनाथरावांनी लिहिलं नाही. कागदाची घडी घालून माझ्याखाली ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. ज्यानं त्या पत्राची सर्वांत जास्त वाट पाहिली, सरकारदरबारी त्यानंच ते नाकारलं होतं. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. सांगून टाकायचं की, आई चुकली म्हणून. पण फौजी माणूस, आणि त्यातून आईचा मुलगा. माझं कोण ऐकतो.

मग वर्षं गेली. काशीनाथराव विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. मुलगी झाली, मुक्ता. ती शाळेत जायला लागली तशी घरात हिंदी वाढली आणि मराठी स्वयंपाकघरापुरती उरली. माजी सैनिकांच्या मेळाव्याला ते तीनच पदकं लावून जात. जे पुस्तिकेत नाही ते छातीवर नाही, आणि जे छातीवर नाही ते तोंडातही नाही, असा त्यांचा कायदा. नावाडी विचारायचे, "बाबूजी, पैर कैसे गया? सीढ़ी से गिरे थे?" तर हे म्हणायचे, "हाँ, सीढ़ी से." मुलीलाही हेच सांगितलं. डब्यातून ते ऐकताना माझी पानं शरमेनं चिकटायची. खोटं बोलायला लावणारी मी, माझंच सातवं पान अपुरं.

आनंदीबाई २००८ साली गेल्या. शेवटच्या आजारात एका दुपारी त्यांनी विचारलं, "ते सरकारी पाकीट होतं ना रे, त्यानं तुझं नुकसान झालं का?"

"काहीच नाही, आई."

"मग बरं," त्या म्हणाल्या. त्यांना झोप लागली तरी काशीनाथराव तिथेच बसून होते.

मुक्ता आता बँकेत आहे. गेल्या साली पेन्शनच्या कामासाठी तिला माझी पानं स्कॅन करायची होती, म्हणून तिनं डबा उघडला. माझ्याखालचा कागद तिच्या हाती लागला, आणि त्याच्याखाली हॉस्पिटलची पिवळी पडलेली चिठ्ठी. तिनं दोन्ही वाचलं आणि डबा घेऊनच बाहेर आली.

"बाबा, पायऱ्यांवरून पडलात ना तुम्ही? फिर ये क्या है? तोफगोळ्याचा तुकडा पायऱ्यांवर पडला होता?"

काशीनाथराव हसले. चोर सापडल्यावर हसतो तसे. मग त्यांनी नदी, सूतक, परत गेलेली रजिस्ट्री, सगळं सांगितलं.

मुक्तानं अर्ज केला. बापाचा हट्ट तिच्यातही आहे, फक्त ती तो बोलून दाखवते. तीन महिन्यांनी उत्तर आलं, आणि उत्तर चांगलं होतं. दोन्ही पदकं १९८५ सालीच मंजूर झाली होती, ते रजिस्टर्ड पत्र त्याचंच होतं. आता एकच गोष्ट हवी होती. पत्र कुणी आणि का नाकारलं, याचं शपथपत्र. मग शेरा काढून नोंद करता येईल.

"बस, एक वाक्य लिहायचंय, बाबा. सूतक होतं, आजीनं परत केलं."

"नाही लिहायचं."

"क्यों?"

"सरकारी फाइलीत माझ्या आईचं नाव चूक म्हणून जाणार नाही. ती आता उत्तर द्यायला येऊ शकत नाही. तमगे नकोत मला."

मुक्तानं समजावलं, रागावली, दोन दिवस बोलणं टाकलं. ते ऐकेनात. पण मी सांगते, त्यांना ते हवे होते. दुपारी घरात सामसूम झाली की ते मला काढायचे, सातवं पान उघडायचे आणि तीन ओळींखालच्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवायचे. या वयात माणसाला तमग्याचा मोह नसतो. पण आपलं आयुष्य आपल्यामागे खरं लिहिलेलं असावं, एवढं कुणालाही वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रभावतीबाई अंगणात मटार सोलत बसल्या होत्या. निमोना, म्हणजे वाटलेल्या मटाराची काशीकडची आमटी, करायचा होता. मुक्ता ते उत्तर फाइलीत कायमचं लावून टाकत होती. प्रभावतीबाईंनी परात बाजूला सारली.

"मुक्ता, लिही. पण आजीचं नाव लिहू नकोस. माझं लिही."

"अगं, काहीतरीच काय," काशीनाथराव म्हणाले. "माझ्यासाठी खोटं शपथपत्र?"

"खोटं नाही. दार मी उघडलं होतं. सासूबाई आत निजल्या होत्या. पोस्टमन सही मागत होता, मी म्हटलं, तेरहवीं के बाद लाना. मला वाटलं मी शहाणपणा केला. तुम्ही पोस्टातून आलात तो चेहरा बघून माझी जीभच उचलेना. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, मी केली." त्यांनी पदराला हात पुसले. "मागाहून मला म्हणाल्या, आईवरचा राग मुलगा गिळतो, बायकोवरचा धरून बसतो. तू आता जन्मभर गप्प राहा. तशी राहिले."

मी गारच पडले. त्या दिवशी मी डब्यातच तर होते! पण पत्र्याच्या झाकणातून सासू कोण नि सून कोण, ते मला कळलं नव्हतं. चाळीस वर्षं मी मनातल्या मनात आनंदीबाईंना दोष देत होते.

काशीनाथरावांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "म्हणजे मी आईला पाठीशी घालत होतो, आणि आई तुला. आणि तू काय करत होतीस इतकी वर्षं?"

"मी रोज तुमच्या पायाला तेल लावत होते," प्रभावतीबाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. एक दिवस चुकला नव्हता. काशीनाथरावांनी पुढे होऊन परात जवळ ओढली आणि तिच्यासमोर बसून शेंगा सोलायला लागले. दोघांचेही डोळे वाहत होते आणि दोघंही ते पुसत नव्हते. मुक्तानं कागद पुढे घेतला.

शपथपत्रात प्रभावतीबाईंनी सांगितलं तसंच लिहिलं गेलं. शेवटी काशीनाथरावांनी एक ओळ घालायला लावली: 'यह हमारे घर का रिवाज था, इन्कार नहीं था.'

मग चाळीस वर्षांनी मी पुन्हा प्रवास केला. रेकॉर्ड ऑफिसात आता कॉम्प्युटर आहेत, पण माझ्यात अजून हातानंच लिहावं लागतं. एका तरुण बाईनं फाइलीतला तो जुना शेरा रद्द केला, माझ्या सातव्या पानावर दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि फुंकर घातली. खूप बरं वाटलं. काय सांगू, म्हातारपणी अंगावर नवी शाई चढणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही.

मी घरी आले त्या दिवशी काशीनाथरावांनी चष्मा पुसून त्या ओळी वाचल्या. दोनदा वाचल्या. प्रभावतीबाईंना वाचून दाखवल्या. पदकं आलेली डबी त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाले, "मेळाव्याला तूच लाव."

त्या आत गेल्यावर त्यांनी मला पुन्हा उघडलं. माझ्या पहिल्याच पानावर ठळक छापलं आहे की अधिकाऱ्याखेरीज कुणीही यात काहीही लिहू नये. सतरा वर्षांच्या नोकरीत या माणसानं एक नियम मोडला नव्हता. त्यांनी पेन्सिल घेतली, आणि दोन नव्या ओळींच्या खाली, त्याच रकान्यात, मराठीत लिहिलं: 'आनंदी प्रल्हाद आठल्ये. दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेतला. नोंद राहून गेली होती.'

आता मी त्याच डब्यात असते. पानं तपकिरी झालीत, शिवण सैल झाली आहे, तोराही पूर्वीइतका उरला नाही. कधीतरी काशीनाथरावांच्या मागे मी पुन्हा एखाद्या कचेरीत जाईन. कुणीतरी साहेब मला उलटून पालटून तपासतील. साहेब, माझं एवढंच मागणं आहे. सातव्या पानावर पेन्सिलीची एक ओळ दिसेल. तिच्यावर शिक्का नाही. तरी ती खोडू नका.