ज्याचं त्याचं कडं

धबधब्याच्या माथ्यावरच्या खडकाकडे जाणारी रांग सकाळी आठालाच तिकीटघराबाहेर आली होती. खडकावरून उतरणारा प्रत्येक जण गालातल्या गालात हसत होता आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. ते हसू बघूनच रांग वाढत होती.

दोरीपाशी रेनकोटातले बाबा सांगत होते, "एकेकानंच जायचं. तुषारांत आपल्या सावलीच्या डोक्याभोवती सात रंगांचं कडं दिसलं, की रोग गेला. औषध द्या दरीत सोडून. पण काय दिसलं ते कुणाला सांगायचं नाही. जिभेवर आलं की विझलं."

ढग आले की कृपा बंद. साडेनऊनंतरही बंद. कृपेलाही हापिसाची वेळ असते, हे मला तिथे कळलं.

माझ्या थोरल्या बहिणीला परवा कडं दिसलं होतं. वीस वर्षं ती इन्सुलिन घेते. ते तिनं दरीत सोडलं. ती उतरली होती त्या लॉजच्या मालकाचा फोन आला म्हणून मी नवं इन्सुलिन घेऊन धावत आले. ताई तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, ओकत होती आणि वर मलाच समजावत होती, "रोग बाहेर पडतोय गं."

मी सुई काढली. तिनं हात आखडून घेतला. "आधी एकदा कडं बघू दे."

"बघ. पण मी बरोबर येणार, आणि तिथून थेट दवाखान्यात."

दोरीपाशी बाबा म्हणाले, "दोघी नाही चालणार."

"हिला चक्कर येतेय. पडली तर तुम्ही धराल?"

बाबांनी दोरी सोडली.

मी एकोणीस वर्षं डेपोत बसगाड्या धुतल्यात. सकाळच्या उन्हाकडे पाठ करून नळी उडवली की असलं कडं दिसायचंच. माझी जोडीदारीण म्हणायची ते टायरपाशी आहे, मी म्हणायचे खिडकीपाशी. भांडून भांडून शेवटी दोघींना अक्कल आली.

इथेही ऊन पाठीवर होतं, तुषार समोर.

"ताई, कडं कुणाभोवती आहे?"

"बोलू नको, विझेल."

"सांग तर."

"माझ्या."

"मला माझ्याभोवती दिसतंय." तिला कठडा धरायला लावून मी चार पावलं बाजूला सरकले. "आता? तुझं हललं?"

"नाही."

"माझं माझ्याबरोबर आलं. आणि माझा दुखरा गुडघा तर अजून ठणकतोय."

मी रांगेतल्या पहिल्या नवराबायकोला वर बोलावलं.

"मधोमध मी आहे," नवरा म्हणाला.

"तुम्ही कुठले? मी आहे," बायको म्हणाली.

एवढंच होतं ते. पाठीमागचं ऊन थेंबांत शिरतं आणि ठरावीक कोनातून परत आपल्या डोळ्यांत येतं. म्हणून कड्याच्या मधोमध बघणाऱ्याच्याच डोक्याची सावली. रोग्याला दिसतं, धडधाकटाला दिसतं, बाबांनाही दिसत असणार. फक्त कुणी कुणाला विचारायचं नाही, एवढी तजवीज त्यांनी केली होती.

ताई खाली बसली. "आयुष्यात एकदा फक्त माझ्यासाठी म्हणून काही आलं होतं. तेही तुला बघवलं नाही."

मी पुन्हा सुई काढली. तिनं दंड पुढे केला, तोंड दरीकडे फिरवून.

दवाखाना येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. न बोलो, जिवंत राहो. तुम्ही मात्र बोला. चमत्कार दिसला की शेजारच्याला विचारा, "बाई, तुला काय दिसलं?" आणि विचारू नका असं जो बजावतो, त्याला तर सगळ्यांत आधी विचारा.